परत न लावलेला कौल

शैला,

काल तुझा बारावा झाला. ज्या पडवीत तू पोरांना चाचणीला बसवायचीस त्याच पडवीत पंगती बसल्या. तुझ्या भावाने मुंबईहून येऊन सगळं व्यवस्थित केलं, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं तू नावं ठेवली नसतीस असं झालं होतं. जेवणाआधी चार माणसं उठून बोलली. चौघांच्या तोंडी एकच शब्द. कौल. 'शैलाबाईंचो कौल कधी खोटो पडलो नाय.' 'बाईंनी सांगितल्यानी म्हणजे देवान सांगितला.' माझ्या हातात वाढपाचं ताट होतं. ते तिथेच आपटावं असं वाटलं, पण तुझ्या भावजयीने माझ्याकडे बघितलं आणि मी मुकाट्याने वाढत राहिले.

कधी खोटा पडला नाही म्हणे. एक पडला होता. तो तुला माहीत होता, मला माहीत होता, आणि ज्या पोरीवर पडला ती त्याच पडवीत खाली मान घालून पत्रावळी मांडत होती.

वर तो क्लासवाला. तुझ्या हयातीत ज्याला तू उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस तो काल पांढरा सदरा घालून आला होता. तुझ्या स्मरणार्थ तो म्हणे मोबाइलवरची अभिक्षमता चाचणी सुरू करणार आहे, अर्ध्या तासात निकाल, पोराने काय व्हायचं ते स्क्रीनवर येईल. लोकांनी माना डोलावल्या. तू पोराबरोबर सकाळची दुपार करायचीस. आधी त्याला पेज वाढायचीस, मग मागच्या आगरात, माडापोफळींतून फिरवून आणायचीस आणि त्याची भीती मोडली की मग कागद पुढे ठेवायचीस. हे त्यांना आठवत नसेल असं नाही. अर्धा तास कुणालाही बरा वाटतो, एवढंच.

पण त्याच्यावर रागावून काय करू. माझा खरा राग तुझ्यावर आहे आणि तो तुला ऐकावा लागेल. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं हे मला कुणी शिकवू नये. आपण दोघी चांगलं कधी बोललो होतो एकमेकींशी?

हा कौलाचा घोळ सुरू झाला तेव्हा मी तिथे होते. तू पुण्याची समुपदेशकाची नोकरी सोडून वालावलला नुकतीच परत आली होतीस, तुझी आई अंथरुणावर होती आणि तू गावातल्या दहावी-बारावीच्या पोरांचा कल हौसेने तपासायला लागली होतीस. रसिका तुझ्या शेजारची. तिच्या बापाला तिला घरीच ठेवायचं होतं, बारावी झाली, आता पुरे. तिला जायचं होतं नर्सिंगला. आई एका बाजूला, काका दुसऱ्या, आजी तिसऱ्या. रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात कचकच. तू तिची चाचणी घेतलीस, तिच्या गुणांचा आलेख घेऊन त्यांच्या अंगणात गेलीस आणि समजावायला लागलीस की माणसांशी वागण्याची हिची जाण चांगली आहे, बारकावे हिच्या लक्षात राहतात, वगैरे. कुणी ऐकेना. तेव्हा तू हात जोडलेस आणि देवळात गुरव घालतो तसं गाऱ्हाणं घातलंस. 'बा देवा महाराजा, ह्या लेकराचो कौल उजवो पडलो हा, नर्सिंगाक पडलो हा, तो गोड मानून घे रे महाराजा.' आणि रसिकाचा बाप, सवयीने, अर्धवट हसत, म्हणाला, 'होय महाराजा.' म्हणाला आणि अडकला. रसिका आज गोव्यात नर्स आहे, पोर सुखी आहे.

तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना तू हा किस्सा सांगायचीस तेव्हा आधी कौल समजावून द्यायचीस. देवाच्या पाषाणाला गुरव दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. घरातली वाटणी असो, सोयरीक असो, विहीर कुठे खणायची ते असो, एकदा कौल पडला की भांडण मिटलं. कौल मोडायचा नसतो. त्या खूप हसायच्या. मी हसत नव्हते, आणि का ते तुला ठाऊक होतं.

मला वकील व्हायचं होतं. बारावीला मार्क बरे होते. बाबांना वाटत होतं पाठवावी, काकांना वाटत होतं पोरगी कोर्टात उभी राहून काय करणार. शेवटी देवळात कौल लावला. डावा पडला. बाबा मला म्हणाले, 'नलू, माझ्या मनात होता गो, पण देवाच्या मनात नाय.' मी डी.एड. केलं, नोकरी करता करता पुढचं शिकले, हायस्कुलात आले आणि आजतागायत मराठी शिकवते. वाईट शिकवत नाही. पण त्या कळ्याने वाऱ्याने पडायचं की ओलाव्याने पडायचं यावर माझं आयुष्य ठरलं, ही गोष्ट मी अजून गिळलेली नाही.

तुला आठवतं का, तू एकदा माझी चाचणी घेतलीस? पन्नाशीला आलेली बाई तुझ्या पडवीत पेन्सिल घेऊन बसली होती. आलेखात शाब्दिक तर्काचा माझा खांब इतका वर गेला की तू कागद माझ्या नाकासमोर धरलास आणि म्हणालीस, 'गो, तू वकील होवक व्हयी होतंस.' आपण दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मी संध्याकाळची गाडी पकडली आणि खिडकीला डोकं टेकून घरी आले. तू दुसऱ्या दिवशी फोन केलास. फक्त विचारलंस की फणसाची भाजी पाठवू का. त्या फोनबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

तर रसिकानंतर तुझं नाव झालं. पोरं पेंडूर, कट्टा, कुडाळकडून यायला लागली. चाचणी तू पुण्याहून आणलेली, शहरातल्या पोरांसाठी बनलेली. लिफ्ट कधी न बघितलेल्या पोराला लिफ्टचा प्रश्न विचारतात म्हणून तू चिडायचीस आणि त्या जागी विहिरीचा रहाट घालायचीस, मग रात्रंदिवस काळजी करायचीस की प्रश्न बदलला तर मोजमाप चुकणार नाही ना. अहवालाच्या तळाशी तू एक ओळ छापून घेतली होतीस, ही चाचणी निर्णय देत नाही, निर्णयाला मदत करते. ती ओळ कुणीही वाचली नाही. आईबाप वरचा सगळ्यात उंच खांब बघायचे आणि विचारायचे, 'म्हणजे बाई, उजवो खंय पडलो?' आणि तू सांगायचीस.

हेच आपलं भांडण. दर भेटीला तेच. मी म्हणायचे, तू देव नव्हेस, तुझ्या कागदाला देवाचा मान घेऊ नकोस, आज पोरीच्या बाजूने पडतोय म्हणून गोड वाटतोय. तू काजूच्या बोंडांचा रस गाळत गाळत शांतपणे म्हणायचीस, 'नलू, बापाक पोरीपुढे हार मानूक जमणा नाय. बायलेपुढे तर नायच नाय. देवापुढे मान खाली घातली तर तेका हरल्यासारख्या वाटणा नाय. मी तेका जागा करून देतंय वाकूक.' मी म्हणायचे, आणि तुझं चुकलं तर? तू म्हणायचीस, 'चुकला तर परत लावूया.'

परत लावूया. किती सहज बोलायचीस.

तन्वीच्या बाबतीत चुकलं. सुरेशची तन्वी, कट्ट्याला ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि घरामागे काजूची बाग आहे तो सुरेश. दहावीच्या वर्षी तो तिला तुझ्याकडे घेऊन आला. त्यांच्याही घरात तेच होतं, आजोबांना शिक्षिका हवी, आईला फार्मसी, सुरेशला काहीच सांगता येईना. पोरगी माझी विद्यार्थिनी, म्हणून मीच तुझं नाव सुचवलं होतं. तिचा आकडेमोडीचा खांब उंच आला, वेग आणि अचूकता चांगली, आणि आकृतींची जाण अगदी तळाला. घडी घातलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, हा डबा फिरवला तर कुठली बाजू वर येईल, अशा प्रश्नांत पोरगी पार आपटली होती. तू कॉमर्स सांगितलंस. सुरेशने हात जोडले. घर शांत झालं. तन्वी अकरावी कॉमर्सला गेली.

आणि मग यंदाची चतुर्थी. आपण दोघी सुरेशकडे गणपतीला गेलो होतो. मखर बघून मी दारातच थांबले. पुठ्ठ्याचं वालावलचं देऊळ उभं होतं, तुझ्याच गावातलं लक्ष्मीनारायणाचं, खांब, छप्पर, पायऱ्या, मागचा तलावाचा घाट. नुसतं दिसायला देऊळ नव्हतं, एक खांब जरी उंच झाला असता तर सगळं वाकडं दिसलं असतं आणि ते वाकडं दिसत नव्हतं. सुरेशची बायको म्हणाली, तन्वीने केलं, एकटीने, कागदावर आधी काढून. दोनदा ते देऊळ बघून आली आणि घरी येऊन काढलं.

तू पाटावर बसलीस आणि खूप वेळ मखराकडे बघत राहिलीस. मग तन्वीला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, 'चष्मो कधी लागलो गो तुका?'

'मे महिन्यात.' ती म्हणाली. 'त्याआधी माका फळ्यावरचां दिसायचां नाय. जवळचां पण धुरकट. माका वाटायचां सगळ्यांकच तसा दिसता.'

मी तुझा चेहरा बघितला, शैला. तुझ्या झेरॉक्स काढून काढून फिक्या झालेल्या आकृत्यांची पानं, पडवीतली ती कोपऱ्यातली जागा जिथे उजेड कमी येतो, आणि तिथे न दिसणाऱ्या डोळ्यांनी बसलेली ती पोरगी, हे सगळं तुझ्या डोळ्यांपुढून गेलेलं मी बघितलं. तन्वी आपल्या दोघींना मोदक देता देता सांगत होती की तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा आहे, दहावीच्या मार्कांवर मिळू शकतो, येत्या जूनला अर्ज करता येईल. एक वर्ष गेलं तर गेलं. आणि सुरेश तिच्या डोक्यावर हात ठेवून हसून म्हणाला, 'बाईंचो कौल कॉमर्साक पडलो हा. आता तेच्या पुढे काय?' अगदी प्रेमाने म्हणाला.

तू तिथेच सांगायला हवं होतंस. तीन वाक्यं पुरली असती. पोरीला दिसत नव्हतं, माझी चाचणी चुकली, परत घेऊया. तू मोदक खाल्लास, गणपतीला हात जोडलेस आणि उठलीस.

परतताना रस्त्यात मी तुला सोडलं नाही. सुरेशच्या आगराची कड संपायच्या आधी सुरुवात केली. तू ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, 'एक कौल खोटो पडलो म्हणून सांगितलां, की सगळेच खोटे होतले. रसिकाचो बापूस काय म्हणात? ह्या वर्षी बाहेर गेलेल्या पोरींचे बापूस काय म्हणतले? उद्या सगळ्यांक परत बोलावन घेतले.'

'म्हणजे त्यांच्यासाठी तन्वीन कॉमर्स करूचा?'

'मी तसा म्हणाक नाय.'

'मग काय म्हणतंस?'

 गाडी आली. तू चढलीस, मी चढले नाही, पुढच्या गाडीने गेले. तुझ्याशी पहिल्यांदाच असं वागले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मी बरोबर होते आणि तुलाही ते माहीत होतं. पण खरं सांगू का, तुझी भीती खोटी होती असंही मला म्हणता येत नाही. रसिकाचा बाप मी बघितलेला आहे.

दिवाळीत तुझा फोन आला. तू इकडचं तिकडचं बोललीस, आगरात माकडं आल्याचं सांगितलंस, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. मी विचारलं, तन्वीचं काय? तू म्हणालीस, 'तुळशीचा लगीन होवंदे, मगे बघूया.' पाडवा उलटून दोन दिवस झाले आणि तू आगरात पडलीस ती परत उठली नाहीस. नंतर तुझ्या भाचीने सांगितलं, आठवडाभर छातीत दुखत होतं आणि तू ओवा खाऊन दिवस काढत होतीस. दुसऱ्यांच्या पोरांना काय होतंय ते तास न् तास खोदून विचारणारी बाई स्वतःच्या छातीचं कुणाला सांगत नाही. मला ते ऐकून रडू आलं नाही. मला तुला हलवून विचारावंसं वाटलं की माझा नंबर तुझ्याकडे कशाला होता.

तुळशीचं लग्न झालं. सुतकामुळे तुझ्या अंगणातली तुळस यंदा तशीच राहिली. आणि तुझं 'बघूया' तसंच राहिलं. ते हो होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. माझ्या मनाप्रमाणे मी ते हो धरू शकते. तुझ्या स्वभावाप्रमाणे ते नाहीही असेल.

आता कालचं ऐक. पंगती उठल्या, भांडी मागे गेली. सुरेश विहिरीपाशी हात धूत होता. मी तिथे गेले. मी म्हटलं, तन्वीचा सिव्हिलचा अर्ज जूनला भरायचा का? तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, तुझ्यासाठी तो मनापासून रडला होता.

'बाई, माका काय कळणा नाय असा नाय,' तो म्हणाला. 'तां देऊळ मी पण बघितलंय. माका पण वाटता, पोरगी चुकीच्या वाटेक लागली. शैलाबाई जित्या असत्या तर मी जावन परत विचारलां असतां. आता कोणाक विचारू? गेल्या माणसाचो शब्द कसो मोडूचो?'

म्हणजे जिवंत असताना तुझा कागद निदान परत विचारता येण्यासारखा होता. गेलीस आणि तो पाषाण झाला. हे मी तुला वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि तू रस गाळत बसली होतीस.

मग मी ते केलं. विहिरीच्या काठाला हात टेकून, त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, 'मोडू नको. शैलान जावच्या आधी माका सांगितल्यान, तन्वीचो कौल परत लावूचो. तेव्हा पोरीक दिसत नव्हता. तुळशीचा लगीन झाला की परत लावूचो, असा तिचा सांगणा होता.'

खोटं. निम्मं तरी खोटं. तुझ्या बाराव्याला, तुझ्या विहिरीवर, तुझ्या तोंडी शब्द घालून मी खोटं बोलले.

सुरेशने हातातला तांब्या खाली ठेवला. 'बाईंनी सांगितल्यानी की तुमी सांगतास?' त्याने विचारलं.

'बाईंनी.'

त्याने ते ओळखलं असावं. पण त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, त्याला सुटका हवी होती आणि ती माझ्याकडून घेता आली नसती, तुझ्याकडूनच यायला हवी होती. 'बाईंनी सांगितल्यानी तर लावूया,' तो म्हणाला आणि ओले हात धोतराला पुसून गेला. तुझ्या हाताखाली शिकलेली अर्चना पुढच्या रविवारी येईल. पानं नवीन छापून घ्यायला सांगितली आहेत आणि तन्वीला अंगणात उजेडात बसवायचं आहे.

तर जिंकलीस तू. बापाला वाकायला जागा करून द्यावी लागते, हे तुझं म्हणणं मी तुझ्याच विहिरीवर खरं करून दाखवलं. मला त्याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी मागे कळशीपाशी जाऊन उभी राहिले.

तिथे तन्वी आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही पाया पडेल, रडेल. तिने चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, 'आणि परत कॉमर्सच इला तर?'

शैला, मी आत्ताच तिच्या बापाला दुसरा कौल लावून आले होते. माझ्या तोंडात माझ्या बाबांचंच वाक्य, 'देवाच्या मनात नाय', येऊन बसलं होतं. मी त्या पोरीकडे बघितलं, आणि ज्या वयात मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं त्या वयाची ती होती.

मी म्हटलं, 'तर तो कागद फाडून टाक आणि माझ्याकडे ये. मी येतंय तुझ्या बापाशीकडे, भांडूक.'

हे वाक्य तू बोलायचं होतंस, गणपतीत, मखरासमोर. ते मला बोलावं लागलं, तेही तू नसताना, आणि हा राग माझ्या मनातून जाणार नाही.